बसलेल्या स्प्रिंगा

बाप मेला तर उचला आणि न्या. आई मेली तर मामाची वाट बघा. आमच्या ताइचुंगकडे असंच चालतं. बाईच्या शवपेटीवरचे खिळे तिच्या माहेरच्या माणसानं ठोकायचे. आपल्या पोरीला सासरी नीट वागवलं, अशी त्याची खात्री पटली पाहिजे. नाही पटली तर तो हातोडीला हात लावत नाही आणि पेटी तशीच राहते. मग तुम्ही कोण, तुमचा कारखाना केवढा, हे कुणी विचारत नाही. आभाळात देव मोठा, जमिनीवर मामा मोठा.

माझी सून पेकचू गेली, तेव्हा तिच्या भावानं हातोडीला हात लावला नाही.

आधी कारखान्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच आलं. भातखाचरांच्या मधोमध आमची पत्र्याची शेड, पुढे राहतं घर. खिळे मारायची गन मोठी कंपनी बनवते आणि बाहेरच्या देशांत पाठवते. तिकडे म्हणे अख्खी घरंच्या घरं लाकडाची असतात आणि तिनंच ठोकून काढतात. आम्ही त्या गनचं एकच अंग बनवतो: खिळा पुढे सरकवायचं. डब्यात खिळे वेटोळं घालून बसलेले असतात, तारेनं एकमेकांना बांधलेले. त्यातला एकेक तोंडाशी आणून उभा करायचा, बास. हवेवरच्या गनमध्ये हे काम हवाच करते. आमची गन गॅसची, तिला ना नळी, ना हवा. आत चिमूटभर गॅस पेटतो, दट्ट्या धाडकन सुटतो आणि संपलं. म्हणून आमचं सगळं काम लोखंडाचं. गनचं नाक लाकडावर दाबलं की एक दांडी वर सरते, दांडी पंज्याला मागे ओढते आणि पंजा पुढच्या खिळ्याच्या मागे जाऊन बसतो. नाक उचललं की स्प्रिंग पंज्याला ढकलते आणि खिळा तोंडात येतो. नवऱ्यानं हे बसवलं, नवरा गेला, मी चालवलं. मुलगा कियातसिंग यंत्रं बघतो. जोडणी पेकचू करायची.

आणि स्प्रिंगा यायच्या तिच्या भावाकडून, थियाम-होककडून. चांगहुआला त्याची भट्टी आहे, बापाच्या वेळची. सोयरीक जुळली तीच स्प्रिंगांच्या पोत्यांवर बसून.

ही स्प्रिंग बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसते. पण ती थकली की पंजा पुरा पुढे येत नाही आणि गन नुसतीच वाजते. लाकडाला खड्डा पडतो, खिळ्याचा पत्ता नसतो आणि तिकडे कुठेतरी शिडीवर उभा असलेला सुतार शिव्या घालतो. त्या शिव्या कंपनीकडून फिरत फिरत आमच्या दारात येतात.

दुपारचं जेवण झालं की आमच्याकडे दिवे बंद होतात. जो तो आपल्या टेबलावर डोकं टेकून झोपतो. मालकीण असो की झाडूवाली, सगळ्यांना तेवढी झोप मिळालीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटं तुटतात. थंडी सुरू झाली तेव्हा एकदा मला झोप लागेना. अंधारात आवाज येत होता. खट्, खट्, खट्. जाऊन बघते तर पेकचू.

"काय गं, झोप विकून खाल्लीस का?"

"नाही आई, हे जरा बघत होते."

टेबलाला जोडलेल्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात तिनं गनचं नाक आवळलं होतं आणि दांडीला एक लांब मूठ बांधली होती. मूठ ओढली की पंजा मागे, सोडली की पुढे. खिळे नाहीत, गॅस नाही, नुसतं ओढायचं आणि सोडायचं. बराच वेळ ओढल्यावर तिनं आतली स्प्रिंग काढली आणि एका चांगल्या स्प्रिंगशेजारी उभी केली. ओढलेली बुटकी झाली होती. नखाच्या कडेइतकीच, पण बुटकी.

"बसली," मी म्हटलं.

"बसली."

"कुणाच्या या?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"आई, दादाला सांगू नका."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भट्टीची आच आता टिकत नाही. तार अर्धीकच्ची राहते. त्यात वहिनी अंथरुणाला खिळलेली, दादाचं लक्ष अर्धं भट्टीत, अर्धं घरात. आणि भट्टीला तो नावं ठेवू देत नाही, बाबांची म्हणून तिला रोज उदबत्ती लावतो.

"लावू दे. उदबत्तीनं तार भाजत नाही, एवढं कुणीतरी सांगायला हवं त्याला."

"कच्च्या असतात त्या ओढून ओढून बसतात. उरतात त्या टिकतात. टिकणाऱ्या तेवढ्याच मी जोडते. तक्रार आलीय का कधी?"

"म्हणजे त्याची भट्टी तू खांद्यानं चालवणार?"

"आई, तुम्ही नका सांगू त्याला. तुमच्या तोंडून ऐकलं की माणसाला मरावंसं वाटतं."

हे ती हसून म्हणाली. मीही हसले. खोटं थोडंच होतं?

"यांनाही नको," ती म्हणाली. "ते लगेच दुसरीकडून माल घेतील. मग दादाकडे राहिलं काय?"

"बरं. नाही सांगत."

शपथाबिपथा मी घेत नाही. नाही म्हटलं म्हणजे नाही.

महिनाभरात तिचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला मलम चोळून बसायची. मी ओरडले, "ऊठ तिथून! हे पोतं आज संपलं नाही तर समुद्र वर येणार आहे का? डॉक्टरकडे जा!" ती म्हणायची, "उद्या जाते." समोर नूडल विकणाऱ्या आलेंगच्या गाडीपर्यंत माझा आवाज जायचा, शब्द जायचे नाहीत. माझ्या आवाजाची जात एकच आहे. मी आशीर्वाद दिला तरी गल्लीला वाटतं, शिवी दिली.

आणि एका दुपारनंतर दिवे लावले, तर पेकचू शेगड्याशेजारी हातावर डोकं ठेवून होती. मला वाटलं, झोपली एकदाची. कामगार बायका मशिनं सुरू करायला निघाल्या, तर मीच म्हटलं, "थांबा गं. तिला उठवू नका."

डोक्यातली शीर फुटली होती. हॉस्पिटलात तिनं डोळे उघडले नाहीत.

नंतरचे दिवस मी जेवले. अंघोळ केली. आल्यागेल्याला चहा दिला. घरासमोर रस्त्यावर मांडव पडला, पुढच्या खोलीत पेटी आली. नात यिनचेन कॉलेजातून आली आणि माझ्या शेजारी बसून मयताबरोबर जाळायची सोनेरी कागदाची कमळं दुमडू लागली. मीही दुमडत होते. माझी बोटं बरोबर दुमडत होती, एकही कमळ वाकडं नाही. बायका म्हणाल्या, म्हातारी घट्ट आहे. आलेंग म्हणाली, घट्ट नाही, दगड आहे. मी ऐकलं. मला काही झालं नाही. एरवी आलेंगच्या नूडलच्या पातेल्यापर्यंत पोचेल असं उत्तर दिलं असतं. उत्तर तयारही झालं. पण ते कुठेतरी आत पडून राहिलं, जसं दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सामान.

पेटी बंद करायचा दिवस आला. वडीलधाऱ्यांनी लहानाच्या पेटीसमोर उभं राहायचं नसतं, म्हणून मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मामा आल्याची हाक झाली. यिनचेन सुतकाचं गोणपाटाचं टोपडं घालून रस्त्यापर्यंत गुडघ्यांवर गेली आणि तबक वर धरलं. तबकात हातोडी, चार मोठे खिळे आणि लाल दोरा बांधलेला पाचवा लहान. कियातसिंग म्हणाला, "दादा, या." पुजारी म्हणाला, "मामा, वेळ झाली, हातोडी घ्या."

हातोडीचा आवाज आला नाही.

"मामा, मुहूर्त थोडाच आहे," पुजारी पुन्हा म्हणाला.

"विहीणबाई कुठायत?" हा थियाम-होकचा आवाज.

"त्यांनी यायचं नसतं. अशुभ असतं ते."

"माझ्या बहिणीला मरेस्तोवर कामाला जुंपणं शुभ होतं का?"

कुणीतरी म्हणालं, "अहो, असं काय बोलता." आलेंग हळूच म्हणाली, "बोलू द्या त्यांना, हक्काचं माणूस आहे ते." हळू म्हणजे गल्लीला ऐकू जाईल इतपत.

मी उठले. पाय चालत होते. मी त्यांच्यामागून गेले, असंच म्हणायला हवं. पुढच्या खोलीत उदबत्तीचा धूर होता, पेटी होती, यिनचेन तबक वर धरून गुडघ्यांवर होती. थियाम-होक दोन्ही हात मागे बांधून उभा. चांगला माणूस. डोळे सुजलेले. बोटांना भट्टीचा काळपटपणा, तो कधी जात नाही.

"विहीणबाई, मला भांडायचं नाही. एकच विचारतो. तुमच्या कारखान्यात दुपारी सगळे झोपतात. माझी बहीण का नाही झोपायची?"

मी दोन पावलं पुढे झाले.

"बायका सांगतात, महिनोन्‌महिने ती तिथे बसायची. अंधारात. डोकं दुखत होतं तरी. कोण बसवायचं तिला?"

"दादा, कुणी नाही बसवायचं," कियातसिंग म्हणाला. "ती आपली... आई, सांग ना त्यांना. सांग."

तो माझ्याकडे बघत होता. यिनचेनही तबकाखालून बघत होती. सगळी गल्ली बघत होती. आणि मागे शेडमध्ये, पेकचूच्या खुर्चीखाली, बसलेल्या स्प्रिंगांचा डबा होता. हाक मारली असती तर कुणीही आणून दिला असता. मी त्यातली एक थियाम-होकच्या काळ्या तळहातावर ठेवली असती. त्याला काही समजावून सांगावं लागलं नसतं. आपला माल आपल्याला ओळखू येतो. माझी बाजू तिथेच लख्ख झाली असती, मुलासमोर, नातीसमोर, आलेंगसमोर. आणि मग तो हातोडी कशी उचलणार होता? ज्या स्प्रिंगांनी बहीण गेली त्या स्प्रिंगा करणाऱ्या हातानं?

हा विचार मी तेव्हा केला, असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी काही विचार केला नाही. शब्द दिला होता, तोही आठवला नाही. यिनचेननं वर धरलेल्या तबकातले खिळे एकमेकांवर वाजत होते, एवढंच.

"मी बसवायचे," मी म्हटलं.

"आई?" कियातसिंग म्हणाला.

"काम साचलं होतं. मी बसवायचे."

"डोकं दुखत असताना?"

"हो."

"तिनं सांगितलं होतं तुम्हाला, दुखतंय म्हणून?"

"सांगितलं होतं."

थियाम-होकला वाटलं असावं मी भांडेन. भांडायची तयारी करून आला होता तो, आणि समोर कुणीच उभं नव्हतं. मी कमरेतून वाकले. नवऱ्याच्या आईनंतर मी कुणासमोर अशी वाकलेली नाही.

"मामा, चूक माझी. पोरीचे हात दुखतायत. खिळे मारा."

पुजाऱ्यानं खाकरून घड्याळाकडे बघितलं. मग थियाम-होकनं हातोडी घेतली. तबक हलकं झालं तशी यिनचेन पुढे कलली, मी तिला धरायला गेले, तर तिनं खांदा काढून घेतला.

पुजारी चार दिशांचे चार आशीर्वाद म्हणाला. प्रत्येकाला सगळ्यांनी 'हो' म्हणायचं असतं. मीही म्हटलं. थियाम-होकनं रडत रडत ठोकलं, पण खिळे सरळ गेले. पाचवा पोराबाळांच्या नावाचा, तो नुसता टेकवायचा असतो; तो यिनचेननं दातांनी उपटून बाहेर काढला आणि पेकचूच्या नावाच्या उदबत्तीच्या भांड्यात ठेवला. वेळेत झालं सगळं.

मी स्मशानात गेले नाही. वडीलधाऱ्यांनी जायचं नसतं. शेड रिकामी होती. मी पेकचूच्या खुर्चीत बसले, पोत्यातली एक स्प्रिंग घेतली, पंज्यामागे बसवली आणि मूठ ओढायला लागले. कंपनीचा माल अडला होता. दुसरं काय करणार?

रात्री जेवताना कियातसिंगनं विचारलं, "खरं होतं ते?"

"एवढ्या माणसांसमोर बोलले ना."

"मला कधी दिसलं नाही तू तिला बसवताना."

"तू झोपलेला असायचास."

त्यानं भाताची वाटी खाली ठेवली. तेव्हापासून तो वाटी घेऊन लेथजवळ जातो आणि तिथेच उभ्यानं जेवतो. यिनचेन कॉलेजातून बापाला फोन करते. पूर्वी माझ्याशी बोलायची, आज्जी, नूडलवालीशी कितवं भांडण झालं, विचारायची. आता फोन माझ्यापर्यंत येत नाही. मी मागत नाही.

दुपारी मी मूठ ओढते. बायका डोकी टेकून झोपल्याचं सोंग करतात. म्हातारीला आता पश्चात्ताप होतोय, असं त्यांना वाटतं. वाटू दे. पण माझे खांदे म्हणजे पेकचूचे खांदे नव्हेत. निम्मं पोतं झालं की हात वर जात नाही.

सातवं सातक, म्हणजे एकोणपन्नासाव्या दिवसाचं कार्य, उरकल्यावर थियाम-होक स्वतः माल घेऊन आला. पोतं दारात ठेवलं, आत आला नाही. चहा म्हटलं तर नको म्हणाला.

"आत या. काम आहे."

"इथेच सांगा."

पेकचूला दिलेला शब्द पेकचूच्या हातून गेलेल्या मालाचा होता. हे पोतं माझ्या दारात आलं होतं, माझ्या नावावर. मी टेबल ओढून दाराशी आणलं आणि दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या, एक ताजी, एक ओढलेली.

"ही बघा."

त्यानं वाकून बघितलं. "कुणाची आहे ही?"

"तुमची. मागच्या पोत्यातली. कच्ची राहते. बसते."

"पेकचू होती तोवर एक तक्रार आली नाही तुमच्या घरून."

"ती तुमची बहीण होती. मी तुमची कोण?"

तो लालबुंद झाला. "भट्टी बाबांची आहे. त्यांच्या वेळी तुमच्या यजमानांनी..."

"बाबा गेले, यजमान गेले. भट्टीलाच काय जगायची हौस? पाडा ती. उदबत्ती नव्या भट्टीलाही लावता येते."

"तिला छळलंत. आता मला छळणार."

"हो. आता तुमची पाळी."

मागे लेथ बंद झालं. कियातसिंग म्हणाला, "आई, पुरे."

"तू तुझं लेथ बघ." मग थियाम-होकला म्हटलं, "भट्टी नीट होईपर्यंत मी दुसऱ्या कुणाचा माल घेणार नाही. कंपनीला काय सांगायचं ते मी सांगेन. हवं तर तुमच्या बायकोजवळ बसायला आमच्याकडची एक बाई पाठवते, तुम्ही भट्टीपाशी थांबा. पण कच्चा माल परत दारात आणलात तर रस्त्यावर ओतीन. आलेंगच्या गाडीसमोर."

त्यानं ती बुटकी स्प्रिंग उचलली, अंगठा आणि बोटात धरून दाबली, सोडली. पुन्हा दाबली. मग खिशात टाकली आणि पोतं उचलून गाडीत टाकलं. मी पाठवलेल्या बाईला मात्र त्यानं परत पाठवलं नाही.

नवा माल आला तो त्याच्या ड्रायव्हरबरोबर. दुपारी मी पोत्याच्या तळातून एक काढली आणि बराच वेळ ओढली. चांगलीशेजारी उभी केली. सारखी. दुसरी काढली. सारखी. बायका उठल्या, दिवे लागले. कियातसिंग टेबलापाशी येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मामांनी भट्टी बदलली म्हणे."

"हो."

"चांगल्या आहेत."

"चांगल्या आहेत."

त्यानं एक स्प्रिंग बसवली, गन उचलली, खिळ्यांचं वेटोळं घातलं आणि नाक फळीवर दाबलं. उचललं. खिळा तोंडात येऊन उभा राहिला.

"मामांशी ज्या आवाजात बोललीस," तो म्हणाला, "तिच्याशीही तसंच बोलायचीस ना?"

"मला एकच आवाज आहे."

तो गन ठेवून लेथकडे गेला. मी मूठ सोडवली आणि शेगडा मोकळा केला. आता ओढायचं काही कारण नव्हतं. जोडणीचं काम पडलं होतं, ते पुढे ओढलं.